राजाच्या मेजवानीतला गुसान

इ.स. ३७४. आर्मेनियाचा तरुण राजा पाप एका रोमन सेनापतीकडे मेजवानीला आला होता. (या नावाचा आपल्या ‘पाप’ शब्दाशी काही संबंध नाही.) रोम आणि इराण या दोन बलाढ्य सत्तांच्या कात्रीत सापडलेल्या देशाचा हा राजा. रोमच्याच मदतीने तो गादीवर बसला होता आणि आता रोमलाच नकोसा झाला होता. पावस्तोस बुझांद या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आर्मेनियन इतिहासकाराने सुमारे शंभर वर्षांनी या मेजवानीची हकीगत लिहिली, आणि ती अशी लिहिली की वाचणारा जणू त्या दालनातच उभा असतो. राजा डाव्या कोपरावर रेलून बसला आहे. एका हातात सोन्याचा चषक आहे, उजवा हात मांडीला बांधलेल्या खंजिराच्या मुठीवर आहे. समोर ढोलवाले, पावावाले, तंतुवाद्यं वाजवणारे जमले आहेत. चषक ओठाला लागलेला, नजर समोरच्या गायकांच्या ताफ्यावर. तेवढ्यात मागे उभ्या असलेल्या ढालकऱ्यांना इशारा होतो. दोन कुऱ्हाडी पडतात, एक मानेवर आणि दुसरी खंजिरावरच्या हातावर. राजा पुढच्या मेजावर पालथा पडतो आणि चषकातली दारू रक्तात मिसळते.

त्याच काळात हयात असलेल्या अम्मिआनुस मार्सेलिनुस या रोमन इतिहासकारानेही हा खून नोंदवला आहे. त्याचे तपशील थोडे निराळे आहेत. तरी मेजवानी, भरात आलेलं गाणंबजावणं आणि यजमानाने केलेला घात या तीन गोष्टी दोघांकडे सारख्याच येतात.

राजाची नजर शेवटी ज्यांच्यावर खिळली होती, त्या गायकांना बुझांद ‘गुसान’ म्हणतो. हा शब्द आर्मेनियन ग्रंथांतून पुन्हा पुन्हा भेटतो, पण मुळात तो आर्मेनियन नाही. तो पार्थियन आहे. मूळ रूप ‘गोसान’.

पार्थियन हे नाव मराठी वाचकाला अगदीच परकं असायचं कारण नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांत गौतमी बलश्रीचा जो प्रसिद्ध शिलालेख आहे, त्यात तिच्या मुलाने, म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णीने, शक आणि यवनांबरोबर ज्या पह्लवांना धूळ चारली असं म्हटलं आहे, ते पह्लव म्हणजे पार्थियनच. ‘पार्थव’चं ‘पह्लव’ झालं. फारसीत ‘पहलवान’ म्हणजे पार्थियन वीर, मग कोणताही वीर. आणि तोच शब्द पुढे आपल्याकडच्या तालमीत पैलवान होऊन उतरला.

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकाच्या मध्यावर अर्शक नावाच्या टोळीप्रमुखाने कास्पियन समुद्राच्या पूर्वेकडच्या प्रदेशात आपलं राज्य उभं केलं. त्याच्या वंशजांनी पुढे सारा इराण आणि मेसोपोटेमिया घेतला आणि रोमला शतकानुशतकं झुंजवलं. इ.स.पू. ५३ मध्ये कार्‍हाईच्या लढाईत त्यांनी रोमन सेनापती क्रॅससचं सैन्य कापून काढलं. क्रॅससचं मुंडकं घेऊन दूत आला तेव्हा पार्थियन राजा आर्मेनियाच्या राजाकडे लग्नाच्या मेजवानीत होता आणि तिथे युरिपिडीसच्या नाटकाचा प्रयोग चालू होता, असं प्लुटार्क सांगतो. नटाने ते मुंडकं हाती घेऊनच पुढचा प्रवेश केला. गोष्ट भयंकर आहे. पण त्या दोन दरबारांमध्ये किती जवळीक होती आणि गाण्या-नाटकाला तिथे काय स्थान होतं, हे तिच्यातून कळतं.

एवढ्या मोठ्या साम्राज्याचं स्वतःचं लिखाण मात्र आपल्या हाती फारच थोडं आहे. आजच्या तुर्कमेनिस्तानात, अश्गाबादजवळ, निसा हे त्यांचं जुनं ठाणं होतं. तिथे सोव्हिएत पुरातत्त्वज्ञांना खापरांवर शाईने लिहिलेल्या दोन हजारांहून अधिक नोंदी सापडल्या. या रांजणात अमक्या मळ्यातली दारू, इतकं माप, अमक्या सालची, आणून पोचवणारा अमुक. सगळा कोठाराचा हिशेब. कुर्दिस्तानात अवरोमानच्या गुहेत चामड्यावरचे तीन दस्तऐवज मिळाले, तेही द्राक्षमळ्यांच्या व्यवहारांचे. कथा नाही, काव्य नाही, राजांची बखर नाही. त्यावरून पार्थियन म्हणजे घोड्यावरून बाण मारणारे रांगडे लोक, त्यांना कसलं साहित्य, असा समज बराच काळ रूढ होता. माझ्या मते हा समज अन्यायाचा आहे. त्यांच्याकडे साहित्य होतं, ते कागदावर नव्हतं. ते गोसानांच्या गळ्यात होतं आणि गळ्यातून गळ्यात जात होतं.

मग हा शब्द आर्मेनियात पोचला कसा? त्याचं उत्तर इ.स. ६३ च्या एका तहात आहे. आर्मेनियाच्या गादीवर कोणी बसायचं यावरून रोम आणि पार्थिया वर्षानुवर्षं भांडत होते. अखेर ऱ्हांदेया इथे तोडगा निघाला: राजा पार्थियन राजघराण्यातला असेल, पण मुकुट त्याला रोमचा सम्राट घालील. त्याप्रमाणे पार्थियन राजाचा धाकटा भाऊ तिरिदातेस तीन हजार पार्थियन घोडेस्वार घेऊन निघाला आणि खुश्कीच्या मार्गाने मजल दरमजल करत नऊ महिन्यांनी रोमला पोचला. समुद्राचं पाणी विटाळू नये म्हणून त्याने जहाज टाळलं. इ.स. ६६ मध्ये नीरोने त्याच्या डोक्यावर मुकुट ठेवला.

तिथून पुढे अर्शकाचं घराणं आर्मेनियात रुजलं. इराणात मात्र इ.स. २२४ मध्ये सासानी घराण्याच्या अर्दशीरने शेवटच्या पार्थियन सम्राटाला लढाईत मारलं आणि तिथली सत्ता गेली. आर्मेनियातली शाखा त्यानंतरही दोनशे वर्षं टिकली, ४२८ पर्यंत. म्हणजे पार्थियन चालीरीती, मानपान, शिकारी, मेजवान्या हे सगळं आपल्या मायभूमीत मागे पडलं, तेव्हा आर्मेनियाच्या डोंगराळ मुलखात ते नांदतं होतं. तिथले सरदार स्वतःला पार्थियन कुळांचे म्हणवण्यात भूषण मानत. ज्या ग्रिगोरने चौथ्या शतकाच्या आरंभी आर्मेनियाला ख्रिस्ती केलं, तोही परंपरेनुसार पार्थियन कुळातलाच. त्याच्या वंशातला धर्मगुरू साहाक तर ‘पार्तेव’, म्हणजे पार्थियन, याच बिरुदाने ओळखला जातो.

राज्यकर्त्यांची भाषा प्रजेच्या भाषेत कशी झिरपते हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. बहमनी आणि आदिलशाही काळात दरबार, लष्कर, महसूल, न्याय यांचे फारसी शब्द मराठीत इतके आले की शिवाजी महाराजांना राज्यव्यवहारकोश करवून घ्यावा लागला. आर्मेनियनमध्ये तेच घडलं, त्याच क्षेत्रांत घडलं, फक्त हजार-दीड हजार वर्षं आधी. आणि इथे एक मौज आहे. आर्मेनियनने पार्थियनकडून घेतलं आणि मराठीने फारसीकडून घेतलं; पार्थियन आणि फारसी या सख्ख्या बहिणी. त्यामुळे दोन्ही घरांत पुष्कळदा एकच वस्तू सापडते. आपलं फर्मान, त्यांचं ह्रमान. आपला शागीर्द, त्यांचा अशाकेर्त. आझाद आणि अझात. दाद मागतो ती दाद, आणि त्यांच्याकडे न्याय या अर्थी दात. महाराजांच्या दरबारात परराष्ट्राचा कारभार पाहणारा डबीर होता. आर्मेनियनमध्ये दपीर म्हणजे लेखनिक, आणि शाळेला आजही तिथे दपरोत्स म्हणतात.

या बहिणींमध्ये फरक होते आणि शब्द कुठून आला हे त्या फरकांवरूनच ओळखता येतं. संस्कृत ‘क्षत्र’शी नातं असलेल्या जुन्या इराणी शब्दाचं नैऋत्येकडच्या बोलीत, म्हणजे फारसीत, ‘शहर’ झालं. आधीचा ख गळून गेला. पार्थियनने तो ख राखला. आर्मेनियनमध्ये देश किंवा जग या अर्थी ‘अश्खार्ह’ शब्द आहे, त्यातला ख हा त्या घराचा शिक्का. अशा शब्दांचा साठा एवढा मोठा की एकोणिसाव्या शतकात बरेच विद्वान आर्मेनियनला इराणी भाषांपैकीच एक समजत. १८७५ मध्ये हाइनरिख ह्युब्शमान या जर्मन अभ्यासकाने थर वेगळे करून दाखवले. पित्याला हायर, मातेला मायर, ही नात्यांची, अंकांची आणि क्रियापदांची बैठक आर्मेनियनची स्वतःची आहे, तिचे ध्वनिनियम कोणत्याही इराणी भाषेत बसत नाहीत. इराणी आहे तो वरचा साज. आर्मेनियन ही इंडो-युरोपीय कुळाची स्वतंत्र शाखा ठरली. १८९७ च्या आपल्या व्याकरणग्रंथात त्याने या उसन्या इराणी शब्दांची जी यादी दिली ती जवळजवळ ७०० शब्दांची आहे. गुसान हा त्या साठ्यातलाच.

शब्द आला म्हणजे माणूसही आला. हा गुसान आर्मेनियन समाजात काय करत होता, हे त्याच्या स्तुतीतून फारसं कळत नाही. त्याला नावं ठेवणाऱ्यांनीच ते आपल्यासाठी जपून ठेवलं आहे. आर्मेनियन लिपी मेस्रोप माश्तोत्सने इ.स. ४०५ च्या सुमारास तयार केली, ती मुख्यतः बायबल भाषांतरित करण्यासाठी. लिहिणारे सगळे मठातले. त्यांच्या दृष्टीने गुसान म्हणजे जुन्या देवांचा, दारूचा आणि नाचगाण्याचा सोबती. बुझांद सांगतो की धर्मगुरूच्या घराण्यातले दोन भाऊ अश्तिशातच्या धर्मपीठातच बाया, नाचणाऱ्या, गुसान आणि विदूषक गोळा करून पीत बसले होते, तेव्हा वीज पडून जागच्या जागी मेले. पाचव्या शतकातला धर्मगुरू होव्हान मांदाकुनी याने तर नाटकं आणि गुसानांच्या खेळांविरुद्ध प्रवचनंच केली. लोक ऐकत असते तर इतकं बोलावं लागलं नसतं.

मोवसेस खोरेनात्सी या इतिहासकाराची वृत्ती जरा निराळी होती. तोही धर्मनिष्ठच, पण जुनी गाणी ऐकल्यावर त्याला ती लिहून घेतल्याशिवाय राहवलं नाही. दारूसाठी प्रसिद्ध असलेल्या गोघ्तन प्रांतातली माणसं ती गाणी राखून होती. वाहाग्न देवाच्या जन्माचं गाणं, आर्ताशेस राजा आणि सातेनिक राजकन्येची कथा, यांचे तुकडे आज आहेत ते त्याच्यामुळे. नाझिनिक नावाच्या एका गायिकेबद्दल तो सांगतो की ती हातांनी गात असे. म्हणजे हस्तमुद्रांनी कथा रंगवत असावी. एका सरदाराच्या मेजवानीत तिला पाहून पाहुणा असा वेडावला की यजमानाच्या डोळ्यांदेखत तिला उचलून घेऊन गेला.

पण गुसानाचं खरं मोल मला दिसतं ते बुझांदनेच सांगितलेल्या एका दुसऱ्या प्रसंगात. पापचा बाप, राजा दुसरा अर्शक, याला इराणच्या शापूरने दगाबाजीने पकडून खुजिस्तानातल्या एका किल्ल्यात कोंडलं होतं. त्या किल्ल्याचं नावच विस्मृतीचा किल्ला. एकदा तिथे गेलेल्या माणसाचं नाव पुन्हा राजासमोर कोणी काढायचं नाही, असा कायदा होता. द्रस्तामात हा अर्शकाचा जुना विश्वासू खोजा तेव्हा शापूरच्या पदरी होता. कुशाणांशी झालेल्या लढाईत त्याने शापूरचा जीव वाचवला. माग काय मागायचं ते, असं शापूर म्हणाला तेव्हा त्याने जहागीर मागितली नाही, सोनं मागितलं नाही. माझ्या धन्याला एक दिवस भेटू द्या, त्या दिवसापुरत्या त्याच्या बेड्या काढू द्या, एवढंच मागितलं. शापूरला हे मागणं अवघड गेलं, पण शब्द दिला होता.

द्रस्तामात किल्ल्यात गेला. राजाच्या पायातल्या बेड्या आणि गळ्यातली साखळी काढली. त्याचं डोकं धुतलं, अंग धुतलं, उंची वस्त्रं नेसवली, मेजवानीच्या आसनावर बसवलं. राजाला शोभेल असं जेवण वाढलं, दारू ओतली आणि गुसानांकडून गाणं करवलं. राजा शुद्धीवर आल्यासारखा झाला. शेवटी फळं आली, ती कापायला सुरी आली. आपण कोण होतो आणि आता काय झालो आहोत हे त्या घटकेला अर्शकाच्या मनाला भिडलं, आणि तीच सुरी त्याने स्वतःच्या छातीत खुपसली. द्रस्तामातने ती काढून आपल्या कुशीत मारून घेतली.

राजाला पुन्हा राजा करायला त्या इमानी चाकराने काय काय नेलं ते पाहावं. स्नान, वस्त्र, आसन, अन्न, दारू, आणि गुसान. पार्थियन रीतीच्या राजेपणात गाणारा माणूस हा मनोरंजनाचा ऐवज नव्हता. मुकुटाइतकाच तो राजेपणाचा भाग होता. ज्या जागी नाव घ्यायला बंदी, त्या जागी राजांची नावं घेणं हाच ज्यांचा धंदा ते लोक द्रस्तामातने नेले. ही हकीगत कितपत घडली तशी आहे यावर इतिहासकारांनी खुशाल वाद घालावा. पण ती ज्याला सुचली, त्याला गुसान म्हणजे काय हे पुरतं ठाऊक होतं. बुझांदच्या ग्रंथाचं शीर्षकही याच दुनियेतलं असावं असं अलीकडच्या अभ्यासकांचं मत आहे. ‘बुझंदारन’ म्हणजे वीरकथा सांगणाऱ्याची पोथी, आणि तो शब्दसुद्धा पार्थियन.

आता मूळ पार्थियन शब्दाकडे. तो सापडायला विसावं शतक उजाडावं लागलं. १९०२ ते १९१४ या काळात जर्मन मोहिमांनी चिनी तुर्कस्तानातल्या तुर्फानच्या वाळूतून इराणी धर्मसंस्थापक मानी याच्या धर्माच्या हस्तलिखितांचे हजारो तुकडे बर्लिनला नेले. १९०४ मध्ये एफ. डब्ल्यू. के. म्युलर यांनी त्यांची लिपी उलगडली. तिसऱ्या शतकात मानीचा शिष्य मार अम्मो पार्थियन मुलखात धर्मप्रचाराला गेला होता. त्यामुळे त्या पंथाने पार्थियन भाषा पोथ्यांतून जपली होती. त्यातल्या एका मजकुरात गोसान येतो. तोही टीकेचा धनी होऊनच. चांगलं सांगतो पण तसं वागत नाही अशा माणसाची तुलना तिथे गोसानाशी केली आहे, जो जुन्या राजांचे आणि वीरांचे पराक्रम गातो आणि स्वतः काहीच करून दाखवत नाही. टोमणा आहे खरा. तरी गोसानाचं काम काय होतं याची इतकी नेमकी व्याख्या दुसरीकडे कुठे मिळत नाही.

दुसरा धागा फारसी काव्यात होता. अकराव्या शतकाच्या मध्यावर फख्रुद्दीन गुर्गानी या कवीने ‘वीस आणि रामीन’ ही प्रेमकथा रचली. मर्वचा म्हातारा राजा मोबद, त्याची तरुण राणी वीस, आणि तिच्यावर जीव जडलेला राजाचा धाकटा भाऊ रामीन. या कथेची पार्श्वभूमी पार्थियन आहे हे व्लादिमीर मिनोर्स्की यांनी १९४० च्या दशकात दाखवून दिलं. तिच्यात बागेतल्या मैफलीत गोसान गातो. त्याच्या गाण्यात सगळ्या पृथ्वीवर सावली धरणारं एक उंच झाड आहे, झाडाखाली गोड पाण्याचा झरा आहे, आणि त्या झऱ्यावर गिलानचा एक बैल पाणी पितो, काठची फुलं चरतो. झाड म्हणजे राजा, झरा म्हणजे राणी, बैल कोण हे मैफलीत बसलेल्या प्रत्येकाला कळतं. राजाच्या तोंडावर त्याचं घरचं लफडं गाऊन सांगायची छाती आणि मुभा या माणसाला होती. पुढच्या काळात तो शब्दच अनोळखी झाल्यामुळे वाचणारे गोसान हे त्या गायकाचं नाव समजत गेले.

तिसरा उल्लेख आपल्या देशाशी येऊन भिडतो. इ.स. ११२६ मधल्या ‘मुज्मलुत् तवारीख’ या फारसी इतिहासात म्हटलं आहे की सासानी राजा बहराम गूर याला आपल्या प्रजेला गाणंबजावणं मिळत नाही याची खंत वाटली, आणि त्याने हिंदुस्थानच्या राजाकडे गोसान मागितले. पाठोपाठ लेखक सांगतो की पहलवी भाषेत गायकाला असं म्हणतात. त्याच्या काळीच शब्दाचा अर्थ समजावून द्यावा लागत होता. बारा हजार बाया-पुरुष गायक हिंदुस्थानातून गेले आणि त्यांचेच वंशज लुरी नावाचे गायक, अशी ती कथा. फिर्दौसीच्या शाहनाम्यात हाच आकडा दहा हजार आहे. आकड्यांवर विश्वास ठेवायची गरज नाही, पण गायकांचे ताफे सिंधूपलीकडून इराणात जात होते ही आठवण मात्र मोलाची आहे.

हे सगळे धागे १९५७ मध्ये मेरी बॉइस यांनी एका निबंधात एकत्र विणले. बॉइसबाईंचा जन्म दार्जिलिंगचा. पुढे जरथुष्ट्री धर्माच्या इतिहासावर त्यांच्याइतका अधिकार फार थोड्यांचा झाला. आर्मेनियन, फारसी, जॉर्जियन आणि तुर्फानचे पार्थियन पुरावे शेजारी ठेवून त्यांनी दाखवलं की गोसान हा एकाच वेळी भाट, विदूषक, वादक, कथेकरी आणि आपल्या काळावर बोलणारा टीकाकार होता. लग्नात होता आणि मयतीलाही होता. दरबारात त्याला मान होता आणि गावकुसात त्याची वाट पाहिली जात होती. पार्थियन साहित्य का सापडत नाही, या प्रश्नाचं उत्तर या एका शब्दाच्या शोधातून मिळालं.

शब्दाच्या व्युत्पत्तीवर विद्वानांनी निरनिराळे तर्क केले आहेत आणि एकमत नाही. मराठी कानाला दोन मोह होतात, ते मात्र टाळलेले बरे. एक ‘घोष’. पण संस्कृत घोष शब्दाचा इराणी भाऊ ‘गोश’ आहे, त्याचा अर्थ कान. त्यातला श पार्थियनमध्ये स होत नाही. दुसरा ‘गोसावी’. दारोदार गात फिरणारा म्हणून तो जवळचा वाटतो, पण तो ‘गोस्वामी’वरून आला आहे, त्याचं कूळच वेगळं. गाणाऱ्याचं नाव दरबारी भाषेतून घ्यावं ही गोष्ट मात्र आपल्याकडेही घडली आहे. पोवाडे रचणाऱ्याला आपण शाहीर म्हणतो, आणि तो शब्द अरबी ‘शाइर’चा, फारसीच्या वाटेने आलेला.

गोसानांनी गायलेलं सगळंच नाहीसं झालं असंही नाही. ‘आसुरी वृक्ष’ (म्हणजे असिरियाचा वृक्ष) या नावाची एक छोटी रचना पहलवी लिपीत आज उपलब्ध आहे आणि तिची भाषा बहुतांशी पार्थियन आहे. खजुराचं झाड आणि बकरी यांचं भांडण जुंपलं आहे. झाड म्हणतं, माझ्या फळावर माणसं जगतात, माझ्यापासून केरसुण्या होतात, नावा होतात. बकरी म्हणते, माझं दूध, माझं कातडं. माझ्या कातड्यावर पत्रं आणि पोथ्या लिहितात, माझ्यामुळे वाद्यं वाजतात. शेवटी बकरी जिंकते. ऐकणाऱ्यांच्या दोन फळ्या पाडून हे कसं रंगत असेल, हे सवाल-जवाब ऐकलेल्या माणसाला कळेल. झरेर या वीराच्या मृत्यूचं जे काव्य पहलवीत आहे, त्याच्याही खाली पार्थियन रचना आहे. ते मुळात पद्य आहे हे एमिल बेन्व्हेनिस्त यांनी १९३२ मध्ये दाखवलं.

आणि खुद्द शाहनामा. फिर्दौसीने अर्शकाच्या घराण्याला जेमतेम काही ओळींत गुंडाळलं. त्यांच्याबद्दल नावांपलीकडे काही ऐकलं नाही, असं तो सांगतो. सासानी राजांनी त्यांचा इतिहास पुसला होता. पण त्याच ग्रंथात कैकाऊस आणि कैखुस्रो या पौराणिक राजांच्या दरबारात गीव, गोदर्झ, बेझन असे सरदार पराक्रम करत फिरतात. ही पार्थियन नावं आहेत. बिसुतूनच्या कड्यावर पहिल्या शतकातलं एक झिजलेलं शिल्प आहे आणि त्यावरच्या ग्रीक अक्षरांत ‘गीवपुत्र गोदर्झ’ असं त्या राजाचं नाव आहे. शाहनाम्यात गोदर्झ बाप आणि गीव मुलगा आहे. गाता गाता बापलेकांची अदलाबदल झाली, सम्राटाचा सरदार झाला, काळ हजारो वर्षं मागे गेला, पण नावं टिकली. सासानी फर्मानांना जे पुसता आलं नाही ते गोसानांनी असं दुसऱ्याच राजांच्या कथांत पेरून ठेवलं होतं.

इराणात सासानी काळात गायकाला ‘हुनियागर’ म्हणू लागले आणि गोसान विरून गेला. आर्मेनियात गुसान बराच काळ टिकला. पुढे सोळाव्या-सतराव्या शतकांत मुस्लिम शेजाऱ्यांकडून ‘आशिक’ हा अरबी शब्द आला, त्याचं ‘आशुघ’ झालं, आणि फिरत्या गायकाला तेच नाव पडलं. त्या परंपरेतला सर्वांत मोठा कवी सायात-नोवा आर्मेनियन, जॉर्जियन आणि अझरबैजानी अशा तिन्ही भाषांत गायचा. १७९५ मध्ये इराणच्या आगा मुहम्मद खानाच्या स्वारीत तो मारला गेला.

विसाव्या शतकात आर्मेनियन लोकांना आपलं जुनं काय आहे ते शोधावंसं वाटलं, तेव्हा त्यांनी गुसान हा शब्द पुन्हा हाती घेतला. खेड्यापाड्यांतली हजारो लोकगीतं गोळा करणारे संगीतकार कोमितास १९१० मध्ये कॉन्स्टँटिनोपलला आले आणि त्यांनी ३०० गायकांचा वृंद उभा केला. त्याचं नाव त्यांनी ‘गुसान’ ठेवलं. २४ एप्रिल १९१५ रोजी शहरातल्या शेकडो आर्मेनियन बुद्धिजीवींबरोबर त्यांनाही अटक झाली. ते जिवंत परतले, पण मन कायमचं मोडलं होतं. १९३५ मध्ये पॅरिसमध्ये त्यांचा अंत झाला. सोव्हिएत आर्मेनियात शेराम, हावासी, आशोत हे लोकप्रिय गायक-कवी आशुघऐवजी गुसान हीच उपाधी नावाआधी लावून ओळखले गेले. परका शब्द टाकून आपला शब्द घेतला, अशी त्यामागची भावना होती. ती मला रास्त वाटते. दोन हजार वर्षांत जो शब्द एखाद्या भाषेच्या सुखदुःखाला पुरला, तो तिचाच.

शेजारच्या जॉर्जियनमध्ये हाच पार्थियन शब्द ‘म्गोसानी’ झाला. बाराव्या शतकात ‘वीस आणि रामीन’चं जॉर्जियन भाषांतर झालं, तेव्हा बागेतल्या त्या गायकासाठी भाषांतरकाराला शब्द शोधावा लागला नाही. आज त्या भाषेत म्गोसानी म्हणजे कवी.